‘हाफ सेव्हन’ म्हणजे नक्की किती वाजता? आपल्याला फसवणारं इंग्रजी

शिरोली_एमआयडीसी

नमस्कार मंडळी. मी मराठी माध्यमातला, पाचवीपासून इंग्रजी शिकलेला. गेली चौदा वर्षं शिरोलीत मशीन शॉप चालवतोय. फौंड्रीतून कास्टिंग आणायचं, मशिनिंग करायचं, तपासून पाठवायचं. तीन वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमजवळचं एक गिऱ्हाईक मिळालं, पंपाच्या हाउसिंगचं काम आहे, माणूस सज्जन, पेमेंट वेळेवर. अडचण एकच, त्याचं इंग्रजी.

मागच्या महिन्यात त्याचा मेल आला, गुरुवारी ‘हाफ सेव्हन युअर टाइम’ला बोलू. मी विचार केला, सातला अर्धा तास कमी, म्हणजे साडेसहा. सहालाच ऑफिसात बसलो, ड्रॉइंग उघडून, क्वालिटीच्या पोराला शेजारी घेऊन. साडेसहा झाले, पावणेसात झाले, सात झाले, कोण न्हाई. सव्वासातला वैतागून मेल टाकला की वी वेटेड, यू डिड नॉट केम, आणि शटर ओढून निघालो. बरोबर साडेसातला मी तावडे हॉटेलच्या चौकात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलेला आणि खिशात फोन वाजायला लागला. ड्रॉइंग ऑफिसात, कागद ऑफिसात, बोलणार काय?

दोन दिवसांनी त्याचा दुसरा मेल, ‘आय ॲम अफ्रेड वी कान्ट मूव्ह ऑन द प्राइस.’ पोरानं वाचून मला सांगितलं, साहेब, घाबरलाय तो. आम्ही दोघं खरंच विचार करत बसलो की हा कशाला घाबरलाय.

मला व्याकरण विचारायचं नाही. शब्द सगळे ओळखीचे असतात, हाफ पण माहीत, सेव्हन पण माहीत, एकत्र आले की अर्थच बदलतो, त्याचं काय करायचं? तुम्हाला असं काय काय फसवून गेलंय आणि तुम्ही कसं शिकलात, ते सांगा. खरंच गरज आहे, उगाच विचारत नाही.

सिस्टर_कळंबा

दादा, ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसातच. मी साडेतीन वर्षं इंग्लंडमध्ये नर्स होते. ती लोकं ‘हाफ पास्ट सेव्हन’मधला पास्ट गिळून टाकतात. पण तुमचा हिशोब अगदीच चुकीचा नव्हता बरं का, जर्मन भाषेत ‘हाफ सेव्हन’सारखंच म्हणतात आणि तिथं त्याचा अर्थ साडेसहा होतो. आमच्या वॉर्डात एक जर्मन मुलगी नवीन आली होती, तिचाही पहिल्या आठवड्यात हाच घोळ, एक तास आधीच येऊन बसलेली. त्यामुळं उद्या जर्मन गिऱ्हाईक मिळालं तर पुन्हा विचारून घ्या.

आणि ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणजे तो घाबरला नाही, ‘माफ करा पण जमणार नाही’ असं मऊ करून सांगतोय. वाईट बातमीच्या आधी लावायचं ते गादीसारखं.

माझं सांगते. पहिल्याच महिन्यात एक म्हातारे पेशंट म्हणाले, ‘सिस्टर, आय ॲम गोइंग टू बी सिक.’ मला वाटलं बिचारे तब्येतीच्या काळजीनं बोलतायत, मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं नो नो, यू विल बी फाइन. पुढच्या क्षणी माझ्या युनिफॉर्मवर उलटी! तिकडं ‘बी सिक’ म्हणजे उलटी होणं. वाडगं आणायला सांगत होते ते, आणि मी धीर देत उभी. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांना वाटलं असणार मी मुद्दाम आणलं नाही.

दुसरी एक ऐंशीच्या पुढची आजी होती. हळूच म्हणाली, ‘आय नीड टू स्पेंड अ पेनी, डिअर.’ मी तिची पर्स आणून हातात दिली. ती पर्सकडं बघते, मी तिच्याकडं बघते. शेजारच्या बेडवरची बाई म्हणाली, तिला टॉयलेटला जायचंय गं. पूर्वी तिथल्या सार्वजनिक संडासाच्या दाराच्या कुलपात एक पेनी टाकली की दार उघडायचं, त्यावरून. पुस्तकातून कोण शिकवणार हे?

तांबडा_पांढरा

आपल्या आजीपण कुठं सरळ सांगत होत्या, ‘परसाकडं जाऊन येतो’ म्हणायच्या. इंग्रजाला सांगा, परसात काय बघायला गेली विचारंल.

हुपरी_चांदी

मराठीत ही भानगडच नाही बघा. सव्वासात, साडेसात, पावणेआठ, एकदा बोललं की विषय संपला. दीड, अडीच ह्यांना तर एका शब्दात इंग्रजीच नाही. आमच्याकडं बाहेरचे व्यापारी येतात, ‘पावणेदोन किलो’ इंग्रजीत सांगताना माझा पुतण्या ‘टू मायनस क्वार्टर’ म्हणाला होता. आता आम्ही ग्रॅममध्येच बोलतो, १७५० ग्रॅम. शिरोलीवाले दादा, तुम्ही पण १९:३० असं आकड्यात लिहायला सांगा. आकड्यानं कुणाला फसवलेलं ऐकिवात नाही.

गारगोटीची_पुण्यात

मी पुण्यात आयटीत आहे. अमेरिकन टीमबरोबर नऊ वर्षं काम करतेय, त्यामुळं माझ्याकडं मोठा साठा आहे.

‘रिव्हर्ट’. आपण सगळे ‘आय विल रिव्हर्ट’ लिहितो, उत्तर देतो ह्या अर्थी. बाहेर त्याचा नेहमीचा अर्थ पूर्वीच्या अवस्थेला परत जाणं. मी एकदा एका बदलाबद्दल लिहिलं, ‘आय विल रिव्हर्ट ऑन धिस चेंज बाय ईव्हनिंग.’ तिकडच्याला वाटलं मी तो बदलच काढून टाकणार, आणि त्यानं रात्रीचं रिलीज थांबवलं. सकाळी माझ्या मेलमध्ये अकरा उत्तरं! आता मी ‘आय विल गेट बॅक टू यू’ लिहिते.

‘पास आउट’. माझ्यासमोर एका नवीन मुलानं ओळख करून देताना सांगितलं, ‘आय पास्ड आउट इन २०१९.’ मॅनेजर काळजीनं म्हणाली, आता बरा आहेस ना? पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणं. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणायचं.

आणि ‘डाउट’. आपण शंका ह्या अर्थी म्हणतो, ‘आय हॅव अ डाउट.’ त्यांना वाटतं तुमचा विश्वास नाहीये. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हटलं की काम झालं.

वकील_कसबा_बावडा

पास आउट एवढं पण चूक नाही. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होतेच की. लष्करातला वापर आहे तो, आपण कॉलेजला लावला.

गारगोटीची_पुण्यात

हो वकीलसाहेब, पण परेडला लागतं म्हणून इंटरव्ह्यूला चालत नाही, एवढंच माझं म्हणणं.

सिस्टर_कळंबा

ह्या पास शब्दावर मी जरा गंभीर बोलते. ‘पास्ड आउट’ म्हणजे बेशुद्ध आणि ‘पास्ड अवे’ म्हणजे गेले. ह्यात गल्लत झाली की काय होतं ते मी बघितलंय. इकडच्या एका कुटुंबातला मुलगा परदेशात, त्याची बायको तिकडचीच, मराठी येत नाही. वडील चक्कर येऊन पडले म्हणून घरच्यांनी फोन केला, तो मीटिंगमध्ये, तिनं उचलला. इकडून सांगणाऱ्यानं घाईत ‘पास्ड अवे’ सांगितलं. पाच तास तो मुलगा विमानाची तिकिटं बघत रडत होता, आणि इकडं वडील सलाइन लावून चहा मागत होते. उलटं पण होऊ शकतं. घरात कुणाला इंग्रजीत निरोप द्यायचा असेल तर हे दोन शब्द आधी पक्के करा, बाकीचं नंतर.

इचलकरंजी_माहेर

सिस्टर, अगदी. आपल्याकडं ‘ऑफ झाले’ म्हणतात ना, मराठीत बोलतानासुद्धा, ‘आजोबा ऑफ झाले’. माझ्या भावानं आजोबा गेले तेव्हा सुट्टीसाठी परदेशी साहेबाला तेच कळवलं, ‘माय ग्रँडफादर इज ऑफ.’ साहेबानं विचारलं, ऑफ टू व्हेअर? भाऊ दोन मिनिटं फोन धरून गप्प. दुःखात शब्द शोधायला लागणं फार वाईट असतं हो. ‘एक्स्पायर्ड’ पण आपल्याकडंच जास्त, तिकडं रोजच्या बोलण्यात ते औषधाला आणि लायसनला लावतात.

मास्तर_राधानगरी

मी राधानगरी तालुक्यात ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. मूळ प्रश्न फार चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही मुलांना वाक्प्रचार पाठ करून घेतले, आणि कुठले? ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्स.’ राधानगरीचा पाऊस म्हणजे काय असतो तुम्हाला माहीत आहे, धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोक्याकडं जाते, आणि आमची पोरं निबंधात कुत्री मांजरं पाडतात. पुढं एक विद्यार्थी लंडनला गेला, त्यानं फोन करून सांगितलं, सर, इथं असं कोण म्हणतच नाही, ‘इट्स पोअरिंग’ म्हणतात. मला ते लागलं. आपण जे शिकवलं ते चूक नव्हतं, पण वापरातलं नव्हतं, आणि भाषेत ह्या दोन गोष्टींत मोठा फरक आहे.

उलट जे रोज लागतं ते शिकवलंच नाही. ‘बाय ऑल मीन्स’ म्हणजे ‘अवश्य, खुशाल करा’. ‘बाय नो मीन्स’ म्हणजे ‘मुळीच नाही’. एका शब्दानं होकाराचा नकार होतो. कुणी ‘मे आय सिट हिअर?’ विचारलं आणि तुम्ही ‘बाय नो मीन्स’ म्हणालात तर तो उठून जाईल. तसंच ‘यू कॅन से दॅट अगेन’. ह्याचा अर्थ वाक्य पुन्हा म्हणा असा नाही, ‘अगदी बरोबर बोललात’ असा. ‘टेल मी अबाउट इट’ म्हणजे ‘सांगा’ नव्हे, ‘मला काय सांगता, मी पण तेच भोगतोय’.

तांबडा_पांढरा

सर, म्हणजे मी आजवर ‘टेल मी अबाउट इट’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला सगळी स्टोरी पहिल्यापासून सांगितली की वो!

खासबाग_तालीम

सरांना नमस्कार. मी पैलवान माणूस, इंग्रजी बेताचं, पण एक गोष्ट सांगतो. भाषा ज्या मातीत खेळते त्या मातीतनं बोलते. आपण ‘चितपट केलं’, ‘आस्मान दाखवलं’, ‘शड्डू ठोकला’ म्हणतो ते तालमीतनं आलं. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, तिथं कुस्ती बघितलेल्या माणसाला ‘आस्मान दाखवलं’ समजवून सांगावं लागत नाही. पाठ टेकली की डोळ्यांसमोर आभाळच असतंय.

इंग्रजांची कुस्ती म्हणजे बॉक्सिंग. ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे हार मानली, कोपऱ्यातला वस्ताद टॉवेल रिंगणात टाकतो. ‘सेव्हड बाय द बेल’ म्हणजे घंटा झाली म्हणून वाचला. ‘बिलो द बेल्ट’ म्हणजे कमरेखाली मारणं, त्यांच्यात ते नियमाबाहेर. आपल्यात पट काढायचा तर हात पायालाच घालावा लागतो, म्हणून आमच्या पोरांना ‘बिलो द बेल्ट’मध्ये वाईट काय हेच कळत न्हवतं. बॉक्सिंगची एक कुस्ती मोबाइलवर दाखवली, मग कळलं.

वकील_कसबा_बावडा

पैलवान, लाख बोललात. त्यातच समुद्राची भर घाला, कारण इंग्रज दर्यावर्दी. ‘टेकन अबॅक’ म्हणजे चकित होणं, तो जहाजाचा शब्द. वारा अचानक समोरून येऊन शीड उलटं डोलकाठीला चिकटायचं आणि जहाज जागच्या जागी थबकायचं. ‘बाय अँड लार्ज’, म्हणजे एकंदरीत, तो पण जहाजावरचाच. आणि ‘रोप’ बघा. ‘टू नो द रोप्स’ म्हणजे कामाची खाचाखोच माहीत असणं, ते जहाजाचे दोर. ‘ऑन द रोप्स’ म्हणजे हरायच्या बेतात, ते पैलवानांच्या बॉक्सिंगच्या रिंगणाचे दोर. दोर तोच, एकात हुशारी आणि दुसऱ्यात नामुष्की.

आता माझ्या धंद्याचं. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. चाळीस वर्षांहून जास्त त्यासाठी आंदोलनं केली, त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. पण जिल्हा कोर्टात निम्मं काम मराठीत चालायचं, हायकोर्टाची भाषा इंग्रजी. माझ्यासारखे पन्नाशीतले वकील आता रोज रात्री वाचत बसतात. तिथं ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ म्हणून वाक्य सुरू झालं की समजायचं, पुढं ‘तुमचं म्हणणं मला मान्य नाही’ येणार. ज्युनिअर पोरांना वाटतं कौतुक चाललंय. आणि ‘मूट पॉइंट’. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत मूट म्हणजे वाद घालण्याजोगा मुद्दा, म्हणून लॉ कॉलेजात सरावाचं मूट कोर्ट असतं. अमेरिकेत मूट म्हणजे आता ज्याला काही अर्थ उरला नाही असा मुद्दा.

गारगोटीची_पुण्यात

वकीलसाहेब, मग ‘टेबल’ पण घ्या त्यात. ब्रिटनमध्ये ‘लेट्स टेबल इट’ म्हणजे आत्ता चर्चेला घेऊ, अमेरिकेत म्हणजे आत्ता बाजूला ठेवू. आमच्या कॉलवर लंडनची एक आणि टेक्सासचा एक, दोघं आनंदानं ‘येस, लेट्स टेबल इट’ म्हणाले. मग ती बोलायला लागली आणि तो पुढच्या विषयावर गेला.

वकील_कसबा_बावडा

हे तर दुसऱ्या महायुद्धात झालंय. ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांच्या बैठकीत ह्याच एका शब्दावरून बराच वेळ वादावादी झाली, दोघांनाही तेच हवं होतं तरी. चर्चिलनं स्वतः लिहून ठेवलंय. तेव्हा शिरोलीवाले, मनाला लावून घेऊ नका.

हुपरी_चांदी

सगळं ठीक आहे, पण माझं मत सांगतो, राग नको. आपण हे वाक्प्रचार वापरायचेच कशाला? साधं बोलायचं. आय कम ॲट सेव्हन थर्टी. कळलं, झालं. चीनचे, जपानचे व्यापारी बघितलेत मी प्रदर्शनात, चार शब्दांत धंदा करून जातात. आपल्यालाच साहेबासारखं बोलायची हौस.

मास्तर_राधानगरी

वापरू नका हे अर्धं पटलं. पण समोरचा वापरणारच, तो कुठं थांबणार? म्हणून कळायला शंभर हवेत आणि बोलायला दहा पुरतात. मी मुलांना उलटं शिकवलं, शंभर बोलायला लावले.

इचलकरंजी_माहेर

मला वाटतं फक्त शब्दांचा प्रश्न नाही. सासूबाई माझ्याकडं दुबईला आल्या होत्या. हॉटेलात वेटरला म्हणाल्या, ‘गिव्ह मी वॉटर.’ त्याचा चेहरा उतरला. सासूबाई इतक्या मायाळू, मोलकरणीलापण अहो जाहो करतात. मग मला उमगलं की आपण मराठीत ‘पाणी द्या हो’ म्हणतो तेव्हा आदर त्या ‘द्या’मध्येच असतो, वर आणि ‘हो’. इंग्रजीत ‘दे’ला पण गिव्ह आणि ‘द्या’ला पण गिव्ह. आपण भाषांतर करतो आणि आदर मागंच राहतो. म्हणून प्लीज लावायचं, ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज’. त्यांना हे सांगितल्यावर म्हणाल्या, अगं मग प्लीज म्हणजे आपलं ‘हो’. त्या दिवसापासून एकदाही विसरल्या नाहीत.

आणखी एक, पाय. मराठीत पाय ओढणं म्हणजे कुणाला वर येऊ न देणं. इंग्रजीत ‘पुलिंग माय लेग’ म्हणजे नुसती थट्टा. माझ्या जावेनं ऑफिसात खरी तक्रार लिहिली, माय कलीग्ज आर ऑलवेज पुलिंग माय लेग, म्हणजे तिचं काम अडवतात, फायली दाबतात. वरच्यांनी वाचलं आणि हसून म्हणाले, थट्टा असते, मनावर घेऊ नका. सहा महिने गेले तिचे त्यात. नंतर तिनं ‘दे आर होल्डिंग मी बॅक’ असं लिहिलं तेव्हा दखल घेतली.

शिरोली_एमआयडीसी

ताई, हे वाचून मी थांबलो. मी पण गिऱ्हाइकाला ‘सेंड ड्रॉइंग टुडे’ असं लिहितो. मराठीत मनात ‘पाठवा’ असतं. त्याला ‘पाठव’ पोचत असणार. तीन वर्षं तो काही बोलला नाही.

तांबडा_पांढरा

आन् आपलं ‘विषय हार्ड’, म्हणजे एकदम भारी, कुणी इंग्रजाला समजवून दाखवा. हार्ड त्यांचाच, अर्थ आपला. ‘युअर कास्टिंग इज व्हेरी हार्ड’ लिहू नका दादा, तो हार्डनेस टेस्टिंगला पाठवंल!

शिरोली_एमआयडीसी

भावा, हार्डनेस खरंच टेस्ट करूनच पाठवतो, रिपोर्टसकट 😀

गारगोटीची_पुण्यात

विषय निघालाच आहे तर, आपल्या इंग्रजीची बाजू पण घेते. ‘प्रीपोन’ला सगळे नावं ठेवतात. पोस्टपोनच्या उलट म्हणून आपण रुळवलेला शब्द, आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. आणि त्यांच्याकडं त्याला काय आहे? ‘मूव्ह फॉरवर्ड’. बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड केली म्हणजे सोमवारी की शुक्रवारी? इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतसुद्धा ह्यावर दोन तट पडतात. प्रीपोन म्हटलं की शंकाच नाही. बाहेरच्यांना कळत नाही म्हणून त्यांच्याशी ‘वी मूव्हड इट टू मंडे’ असं वाराचं नाव घेऊन बोलायचं, पण शब्द चांगला आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

वकील_कसबा_बावडा

‘डू द नीडफुल’, म्हणजे योग्य ते करा, हा पण आपला शोध नाही, जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातलाच आहे. त्यांनी टाकला, आपण सांभाळला. ‘आउट ऑफ स्टेशन’, म्हणजे बाहेरगावी, तसाच, साहेबाची नेमणूक जिथं ते त्याचं स्टेशन. आपल्या पोरांना वाटतं रेल्वे स्टेशनच्या बाहेर.

आकाशवेडा_पन्हाळा

उशिरा आलो, पण ‘वन्स इन अ ब्लू मून’ राहिलाय आणि तो माझा जिव्हाळ्याचा आहे. अर्थ, फार क्वचित. लोकांना वाटतं चंद्र निळा दिसतो. तसं नाही, एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. हा अर्थपण १९४६ साली एका अमेरिकन खगोल मासिकातल्या चुकीमुळं रूढ झाला, वाक्प्रचार त्याहून कितीतरी जुना.

गंमत पुढं आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. तो फरक साठत जातो आणि १९ वर्षांत ७ महिने जास्तीचे होतात. आपण ते अधिक महिना म्हणून घालतो. इंग्रजी महिने सूर्याचे, त्यामुळं त्यांच्याकडं त्याच जास्तीच्या पौर्णिमा ब्लू मून होतात. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि त्याच ऑगस्टअखेर ब्लू मून होता. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, आणि ३१ मेला ब्लू मून. म्हणजे हा ब्लू मून आपल्या धोंड्याच्या महिन्याचा भाऊच. मी पन्हाळ्यावर शाळेच्या पोरांना दुर्बिणीतून चंद्र दाखवताना हेच सांगतो, आणि एकदा सांगितलं की तो वाक्प्रचार पोरं विसरत नाहीत.

इचलकरंजी_माहेर

म्हणजे जावयाला अनारसे कधी? वन्स इन अ ब्लू मून! हे मी उद्याच घरी सांगणार.

मास्तर_राधानगरी

वा! हे मला तीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. वर्गात अधिक महिन्याचं नाव घेतलं असतं तर पोरांना अर्थ लिहून द्यायची गरजच पडली नसती. आता माझ्या नातीला सांगतो, ती सहावीत आहे.

शिरोली_एमआयडीसी

मंडळी, पंधरा दिवसांनी परत लिहितोय, कारण काहीतरी झालं ते सांगायचं होतं.

सिस्टर आणि सरांचं वाचून मी त्या गिऱ्हाइकाला मेल लिहिला. आधी त्या दिवसाची माफी मागितली, ‘हाफ सेव्हन’चा मी काय अर्थ लावला ते लिहिलं, आणि प्लीज लावून विनंती केली की वेळ १९:३० अशी आकड्यात द्या, हुपरीवाल्यांनी सांगितलं तशी. मला वाटलं हसेल. त्याचा एवढा मोठा मेल आला. म्हणाला, चूक माझी, सॉरी. आणि पुढं लिहिलं की तीन वर्षांपासून मला पण काही विचारायचं होतं, संकोच वाटत होता. आम्ही लिहितो ना, ‘मटेरियल विल बी डिस्पॅच्ड टुमारो पॉझिटिव्हली’, ते त्याला कळतच नव्हतं. त्याला वाटायचं आम्ही फार आनंदात माल पाठवतोय! ‘नक्की’ हा अर्थ त्याच्या ध्यानातच आला नव्हता, म्हणून तो प्रत्येक वेळी पुन्हा फोन करून तारीख विचारायचा, आणि मला वाटायचं ह्याचा आपल्यावर विश्वास नाही. तीन वर्षं वो! दोघं पण एकमेकांना विचारायला लाजत होतो.

आता ‘डेफिनेटली बाय ट्युझडे’ असं वार घालून लिहितो. परवा फोन आला नाही. माल वेळेत गेला.

क्वालिटीच्या पोरानं तपासणीच्या टेबलावर एक वही ठेवलीय. कळलं नाही ते त्यात लिहायचं आणि दर शनिवारी विचारायचं. पहिल्या पानावर ‘आय ॲम अफ्रेड’, पुढं ‘तो घाबरलेला नाही’. सरांना विनंती, शनिवारी कधी शहरात आलात तर एकदा शॉपवर या, पोरांना बरं वाटेल.

मास्तर_राधानगरी

येतो की. ह्याच शनिवारी दवाखान्याचं काम आहे शहरात, ते आवरून संध्याकाळी रिकामा आहे. वही काढून ठेवा.

तांबडा_पांढरा

मग सगळेच जमूया. शॉपवर वही, मग रंकाळ्यावर भेळ. शनिवारी हाफ सेव्हनला?

सिस्टर_कळंबा

साडेसात. संध्याकाळी. लिहून घ्या सगळ्यांनी.